नावाला लावलेलं कुंकू

त्या दिवशी एसटी स्टँडवर एवढी माणसं होती. माझी आई. माझे बा, ते जरा लांब, कडुलिंबाखाली उभे. सासूबाई. थोरली जाऊ हौसाबाई, तिच्या कडेवर तिचं पोर. दीर, आमची पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन. शाळेचे मास्तर, कारण मद्रासहून आलेलं पोस्टकार्ड त्यांनीच वाचलं होतं. मालक, म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी घेत नाही. आणि मी, एकोणीस वर्षांची. आठ जणं, पोर धरलं तर नऊ. त्यातले आता मी, हौसाबाई आणि ते पोर असे तिघं राहिलोय. पोराला नातू झालाय.

इथल्या, चेन्नईच्या, आपल्या मराठी मंडळाच्या अंकाला बायकांनी आठवणी द्याव्यात म्हणून एका ताईंचा फोन आला. मी म्हणलं, माझी शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, आजी, बोलता तसं लिहा, आम्ही तसंच छापतो, आणि आपला अंक लांब लांब जातो, कॅनडाला पण जातो. कॅनडा म्हणल्यावर मी हो म्हणलं. माझी लेक शालन तिथं आहे. तिचं मी एकदा फार वाईट केलं, आणि तिला ते अजून सांगितलं नाही. ते सांगायला हे लिहितेय. बाकीचं आहे ते वाटेत आलं म्हणून.

तर पोस्टकार्ड. आमचं गाव आटपाडीच्या पुढं, माळावर. पाऊस नाही, म्हणून तिकडची माणसं गलाईच्या कामाला देशभर पांगलेली. गलाई म्हणजे सोनारांच्या दुकानातली झाडलोट, धूळ, घासलेले कागद, सगळं आणायचं, भट्टीत जाळायचं, तेजाबात घालायचं आणि त्यातनं सोन्याचा कण काढायचा. मालकांचा मामेभाऊ मद्रासला त्या कामात होता. त्यानं लिहिलं, जागा हाय, ये, बायकोला आणलीस तरी चालंल.

गाडी लागली तशी आईनं ते पोस्टकार्ड मागून घेतलं. पदराखालनं कुंकवाचा करंडा काढला. मला वाटलं कोपऱ्याला लावंल, लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसं. तर तिनं मास्तरांना विचारलं, "जावयाचं नाव कुठं हाय ह्यात?" मास्तरांनी बोट ठेवलं. तिथं तिनं कुंकू टेकवलं.

मास्तर हसून म्हणाले, "काकू, शाई फुटंल की."

"फुटू दे. देवाला वाचता येतंय." मग माझ्याकडं बघून म्हणली, "कोपरा कुठं चाललाय? नाव चाललंय. कुंकू नावाला लावावं, कागदाला नाही. ध्यानात ठेव."

ठेवलं. तेच तर झालं.

बा जवळ आले नाहीत. गाडी हलली तेव्हा एवढंच ओरडले, "मागं बघू नको गं, मान अवघडंल." मी बघितलं नाही. आता वाटतं, एकदा बघायला काय हरकत होती. आईला त्यानंतर मी दोनदाच भेटले.

मद्रासला, म्हणजे आता चेन्नई म्हणतात तिथं, आम्हाला सौकारपेठेत माडीवर एक खोली मिळाली. खाली भट्टी, वर आम्ही. जिना पिवळा पडलेला, तेजाबाच्या वाफेनं. माझ्या पितळेच्या भांड्यांना आठ दिवसांत हिरवं चढायचं. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पाण्याच्या नळावर बायका बोलायच्या आणि हसायच्या, आणि मला वाटायचं माझ्यावरच हसतात. मी नऊवारी नेसायची. एक म्हातारी रोज माझ्या कासोट्याकडं बघून काहीतरी म्हणायची. वर्षानं मला भाषा कळायला लागली तेव्हा समजलं, ती म्हणायची, "ही पोरगी चालते किती झपझप." मी वर्षभर त्या म्हातारीवर रागावून होते.

मालक दिवसभर वाफेत. खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. शालन पाच वर्षांची होती तेव्हा ते गेले. गावाकडनं दीर आले, म्हणाले, "वैनी, चला." मी विचारलं, "तिथं मी काय करू?" ते उठून चपला घालायला लागले. भला माणूस, खोटं बोलला नाही. मी राहिले. त्या दिवशी माझा करंडा मी फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

खालच्या आळीत सरोजा अक्का राहायची. विद्यापीठाच्या लायब्ररीत झाडायला जायची. तिनं मला तिथं नेलं. बाइंडिंगच्या खोलीत एका म्हाताऱ्या बाइंडरला हाताखाली माणूस पाहिजे होतं. त्यानं मला सुई दिली आणि एक फाटकं पुस्तक दिलं. मी गोधडीला घालतात तसा टाका घातला. त्यानं ओढून बघितला, परत ओढून बघितला, आणि म्हणाला, उद्यापासून ये. अशी मी तिथं चौतीस वर्षं राहिले, कंत्राटावर.

कामाचं सांगते, कारण त्याचा पुढं संबंध आहे. जुन्या पुस्तकाची पाठ सुटलेली असते, पानं फाटलेली. ती ओढायची नाहीत. टिपकागद ओला करून जोडावर ठेवायचा, जुनी खळ आपणहून नरम होते, मग हाडाची पट्टी घालून हळूच उचलायचं. कागदाला कळत पण नाही. मग नवी खळ लावून दाबाखाली ठेवायचं. खळ मी स्वतः शिजवायची. पहिल्यांदा केली तेव्हा सरोजा अक्कानं भांड्यात डोकावून बघितलं. म्हणाली, "मराठी, ही खळ आहे का उप्पुमा? आज लायब्ररीतली झुरळं केळीचं पान मांडून बसणार." म्हणून त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, किडा लागत नाही, पण खळीला जराशी निळी झाक येते. ती माझी खूण. दुसरं कुणी एवढं घालत नव्हतं.

मला तिथं कुणी नावानं हाक मारली नाही. मराठी अम्मा, नाहीतर नुसतं मराठी. पण वाईट वागले नाहीत.

शालन शाळा सुटली की माझ्याकडं यायची आणि बाइंडिंगच्या खोलीत पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसायची. दुरुस्तीला आलेली पुस्तकं वाचायची. मी शिवायची, ती वाचायची. तिची शाळा तमिळ, मग इंग्रजी. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण तिला मराठी अक्षर कधी लावताच आलं नाही. मी शिकवायला बसले होते एकदा पाटी घेऊन. ती म्हणाली, "आई, हे सगळे कपडे वाळत घातल्यासारखे लटकतात गं." हसलो आणि राहून गेलं. मला तिच्या दोन्ही लिप्या येत नाहीत. ती काय लिहिते ते मला कधी कळलं नाही. फक्त तिचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते तिनं मला शिकवलं होतं, म्हणजे तिच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत म्हणून. आधी सापासारखं अक्षर, मग खुर्चीसारखं. साप आणि खुर्ची दिसली की ती शालनची वही.

ती हुशार निघाली. एमए झाली. लायब्ररीत जिन्याजवळ एक लाकडी फळा होता, त्यावर पांढऱ्या रंगानं नावं लिहिलेली, दरवर्षी एक. ती फेलोशिपची नावं. वर्षभर लायब्ररीतल्या जुन्या कागदांवर बसून अभ्यास करायचा, आणि त्याबद्दल लायब्ररीच पगार देणार. बक्षीस समारंभाला त्या माणसाला सगळ्यांसमोर शाल घालायचे. शालन लहान होती तेव्हापासून त्या फळ्यापुढं उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "आई, ह्यावर आपलं नाव आलं तर तुला रोज दिसेल. वाचता नाही आलं तरी दिसेल."

त्या वर्षी तिनं अर्ज केला. जुन्या तमिळ मासिकांत बायका पत्रं पाठवायच्या, संसारातली, दुखण्याखुपण्याची. ती पत्रं तिला गोळा करायची होती. ती मासिकं कितीतरी मीच शिवलेली. पद्मा मॅडम तेव्हा लायब्ररीच्या मुख्य होत्या. त्या शालनला म्हणाल्या होत्या, यंदा तुझ्याइतकं चांगलं कुणाचं नाही. म्हणजे जवळजवळ झालंच होतं.

फक्त एक पाकीट द्यायचं राहिलं होतं. तिच्या प्राध्यापकांचं पत्र होतं त्यात. शालननं सकाळी माझ्या पिशवीत घातलं.

"आई, हे तुमच्या ऑफिसच्या खिडकीत दे. विसरू नको. मला आज परीक्षेवर ड्युटी आहे."

"काय लिहिलंय त्यात?"

"मला काय माहीत? मी बघायचं नसतं. म्हणून तर बंद आहे."

"तुझंच आणि तू बघायचं नाहीस? कसली रीत म्हणायची."

"आई, देशील ना? नाहीतर मी सरोजा अक्काकडे देते."

"देते गं बाई. एवढी पुस्तकं सांभाळते, एक पाकीट जड झालं का मला?"

शालन हसली. डोकं माझ्या खांद्याला लावून गेली. मोठी झाल्यापासून असं करायची नाही.

मी काय विचार केला ते सांगते. लेकीचं नाव चाललंय. माझ्या आईनं मालकांचं नाव पाठवताना कुंकू लावलं होतं. शालनला आजी नाही, बाप नाही, मामा नाही, पाठीमागं उभं राहायला स्टँडवर माणसं नाहीत. मीच आहे. इथली माणसं पाकिटाच्या चार कोपऱ्यांना हळद लावतात, ते मला माहीत होतं. पण आईचं बोलणं डोक्यात बसलेलं. कोपरा कुठं चाललाय? नाव चाललंय. आणि नाव तर आत. आमच्या गावाला पोस्टकार्डं यायची. बंद पाकीट बंदच राहायला पाहिजे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शालन म्हणाली होती की तिनं बघायचं नसतं. मी बघायचं नसतं, असं ती म्हणाली नव्हती.

दुसरी एक गोष्ट होती, आणि मला भीती होती ती तिचीच. मी विधवा. माझ्या हातानं कुंकू लावायचं नाही. सवाशीण पाहिजे. सरोजा अक्का होती, तिचा नवरा जिवंत, दारुडा पण जिवंत. तिला सांगायला हवं होतं. पण ती म्हणाली असती, वेडी आहेस का, वरनं हळद लाव आणि देऊन टाक. म्हणून सांगितलं नाही.

पाकीट यायचंय हे माहीत होतं, म्हणून करंडा मी दोन दिवस आधीच ट्रंकेतून काढून पिशवीत ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. झाकणावर प्राध्यापकांनी आडवी सही केलेली, म्हणून त्याला मी हात लावला नाही. खालचा जोड ओल्या टिपकागदानं नरम केला, पट्टी घातली, उघडलं. कागद बाहेर काढला. सगळं इंग्रजी. ओळींमागनं ओळी. मी साप आणि खुर्ची शोधली. वरून चौथ्या ओळीत सापडली. कुंकू अठरा वर्षांचं, वाळून माती झालेलं. पाण्याचा एक थेंब घातला. अनामिकेनं नावाला टेकवलं. मनात देवाची माफी मागितली, ती विधवेचा हात लावला म्हणून, पाकीट उघडलं म्हणून नाही. मग माझी खळ लावून जोड बंद केला, दाबाखाली ठेवला, आणि तीन वाजता खिडकीत दिलं. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारला. मी हात जोडले त्याला. त्याला काय कळलं नाही.

महिन्यानं शालन ऑफिसात जाऊन आली आणि बाइंडिंगच्या खोलीत आली. पुठ्ठ्यांवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"मिळालं नाही, आई."

"का गं?"

"माझं काम कमी पडलं. परवाइल्लै." इथं असू दे म्हणायला तसं म्हणतात. "परवाइल्लै, आई. तू जेवलीस का?"

मी हो म्हणलं. मला वाटलं, माझा हात नडला. विधवेनं लावलेलं कुंकू, दुसरं काय होणार. एवढीच माझी समजूत झाली, आणि पुढची सोळा वर्षं मी तीच समजूत धरून बसले. त्या वर्षी त्यांनी फेलोशिप कुणालाच दिली नाही. फळ्यावर वर्षाचा आकडा लिहिला आणि पुढची ओळ मोकळी सोडली. मी रोज त्याच जिन्यानं वर जायची. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण मोकळी ओळ कुणालाही दिसते.

शालननं पुढच्या वर्षी परत अर्ज केला नाही. मी म्हणलं, कर की. ती म्हणाली, "नको." गिंडीला एका कंपनीच्या ऑफिसात कागद लावायच्या कामाला लागली. रोज सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, कमी बोलायची. लायब्ररीच्या फाटकात तिनं परत पाऊल टाकलं नाही. मला न्यायला आली तरी रस्त्याच्या पलीकडं उभी राहायची. मी विचारलं नाही. आमच्याकडं विचारायची रीत नाही, आणि मला उत्तराची भीती होती.

मग कुठनं कुठनं अर्ज करून तिला कॅनडात शिकायला जागा मिळाली, तिथल्या विद्यापीठात. जायच्या आधीच्या रविवारी ती मला बसनं इथल्या जवळच्या कोवलमला, समुद्रावर घेऊन गेली. आम्ही होड्यांच्या सावलीत बसलो. कोळणी मासळी निवडत होत्या. एक जण माझ्याशी घासाघीस करायला लागली, मी तमिळमधून तिला उलट बोलले, आणि शालन कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. "आई, तू शिव्या मराठीत देतेस आणि भाव तमिळमध्ये करतेस." मग वाळूत बोटानं रेघा ओढत बसली. मला वाटलं ती काहीतरी विचारणार. मला पण वाटत होतं की सांगावं, माझा हात नडला म्हणून. ती म्हणाली, "ऊन वाढलंय, चल." आम्ही उठलो.

ती गेली त्या दिवशी विमानतळावर मी आणि सरोजा अक्का. दोघीच. माझ्या वेळी सोडायला सहा माणसं आली होती, तिच्या वेळी दोन. मी तिच्या कुठल्याच कागदाला हात लावला नाही. तिनं पासपोर्ट माझ्यापुढं धरला, म्हणाली, "आई, कुंकू लावायचंय?" मी म्हणलं, "नको. माझ्या हातानं नको." ती माझ्याकडं बघत राहिली. मग सरोजा अक्कानं स्वतःच्या कपाळावरचं जरासं बोटानं घेतलं आणि पासपोर्टच्या कव्हरला पुसलं. शालनला बा म्हणाले होते ते सांगायचं माझ्या मनात होतं, मागं बघू नको म्हणून. सांगितलं नाही. तिनं तीनदा मागं बघितलं.

आता ती तिथं एका लायब्ररीत आहे. लग्न केलं, नवरा तिकडचा, स्वभावानं चांगला. दर रविवारी सकाळी फोन येतो, त्यात तोंड दिसतं. पहिलं वाक्य, "आई, जेवलीस का?" इथं सकाळचे आठ असतात, तरी तेच. मी म्हणते हो. ती खिडकी दाखवते, बर्फ दाखवते. मग दोघी बघत बसतो. मला तिकडं येऊन राहा म्हणते. एकदा जाऊन आले. तिथं मला नळावर हसणाऱ्या बायका पण नव्हत्या. दोन महिन्यांत परत आले.

शालन तिकडं गेल्यावर गावाला पण जाऊन आले, एकदा. हौसाबाईनं मला खुर्ची दिली. स्वतः खाली बसली. चहा बशीतून नाही, कपातून दिला, नवीन कपातून. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या, "मद्रासची सुभद्रा आली," म्हणून. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी नावानं हाक मारली, पण पुढं मद्रास लागलेलं. भाकरी थापायला बसले तर हौसाबाई म्हणली, "ऱ्हाऊ द्या, पाहुण्या हायसा." दोन दिवसांत निघाले. स्टँडवर सोडायला ते कडेवरचं पोर आलं होतं, मोटारसायकलवरून.

सरोजा अक्का चार वर्षांमागं गेली. बाइंडिंगची खोली पण बंद होत आली, सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं. पुस्तकांची जुनी कार्डं टाकून दिली, ढीगच्या ढीग. त्यातली एक पेटी मी घरी आणली. मागची बाजू कोरी असते. हे मी त्याच कार्डांवर लिहितेय.

मागच्या वर्षी मला कामावरून मोकळं करायचं ठरलं. नवीन मुख्य साहेब आले, तरुण आहेत. म्हणाले, अम्मा, बक्षीस समारंभात यंदा तुम्हाला पण शाल, प्रामाणिक सेवेबद्दल. मी गेले. फेलोशिपच्या मुलीला शाल घातली, मग मला. फ्रेममध्ये एक कागद दिला, त्यात साप-खुर्ची होती का बघितली, पण ते माझं नाव, साप होता, त्याच्या शेजारी खुर्ची नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या म्हणून पद्मा मॅडम आल्या होत्या, आता थकल्यात, काठी घेऊन. समारंभ झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं. कॉफी आली. त्यांनी विचारलं, "शालन कशी आहे?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार सोसलं पोरीनं. मी बोलले नाही तेव्हा. ते माझ्या मनात राहिलंय."

मी म्हणलं, "मॅडम, तिचं नशीब माझ्या हातानं बिघडलं. मी कुंकू लावलं होतं, मी विधवा."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीतच नाही?" मग त्यांनी सांगितलं. ते असं.

कमिटीनं पाकीट उघडलं, तर पत्रावर लाल ठिपका. प्राध्यापक म्हणाले, हा माझा नव्हे, कुणीतरी पत्र बाहेर काढलंय. बंद पाकीट उघडलं असलं की अर्ज बाद, तो नियम. शालनला बोलावलं. कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे काय आहे? तिनं कागद उचलला. नाकाजवळ नेला. त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं, मॅडम म्हणाल्या. मग म्हणाली, "मी उघडलं. काय लिहिलंय ते बघायचं होतं." त्यांनी लिहून घेतलं, आणि हिनं पुढं कधी अर्ज करायचा नाही, असंही लिहिलं.

"मला माहीत होतं ते तिचं काम नव्हे," मॅडम म्हणाल्या. "सही जागच्या जागी, खालचा जोड नवा, आणि खळीला निळी झाक. असं पाकीट ह्या इमारतीत एकच माणूस उघडू शकत होतं. पण तुमचं नाव आलं असतं तर कंत्राटदारानं दुसऱ्या दिवशी तुम्हाला काढलं असतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी गप्प बसले."

मी कॉफी प्यायले. गार झाली होती. हातात शाल, प्रामाणिक सेवेची.

दुसऱ्या दिवशी मी नवीन साहेबांकडं गेले. म्हणलं, त्या वर्षीचा कागद काढा, माझ्या पोरीनं उघडलं असं त्यात लिहिलंय, ते खोडा आणि माझं लिहा. शाल पण परत घ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणसाला पाठवून शोधलं. एवढे जुने कागद ठेवत नाहीत, ते लगदा करायला गेले. मला म्हणाले, "अम्मा, आता तसं कुठंच लिहिलेलं नाही. सोडून द्या." शाल घेतली नाही.

कुठंच लिहिलेलं नाही, ते खरं. फक्त शालनच्या मनात आहे. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पुठ्ठ्यांवर बसून म्हणाली, माझं काम कमी पडलं, तेव्हा माहीत होतं. होड्यांच्या सावलीत माहीत होतं. पासपोर्ट धरून म्हणाली, कुंकू लावायचंय का, तेव्हा पण. मी नको म्हणलं. तिला काय वाटलं असेल? की मला कळलंय आणि तरी मी बोलत नाही. इतकी वर्षं ती रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते, आणि मी हो म्हणते.

त्यानंतर किती रविवार गेले. प्रत्येक वेळी ठरवते. तोंड दिसलं की मी जेवणाचंच बोलते. एकदा म्हणलं, "शालन, ते पाकीट..." ती लगेच म्हणाली, "आई, परवाइल्लै. जुनं झालं. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस का?" तिला मला वाचवायचंच आहे अजून. म्हणून लिहायला घेतलं. लिहिताना मधे कुणी परवाइल्लै म्हणत नाही.

तिकडं गेलेल्या लेकींनो, इकडं राहिलेल्या बायांनो, घर कुठं म्हणून मला विचाराल तर आता मला गाव म्हणता येत नाही, चेन्नई पण म्हणता येत नाही. रविवारी सकाळी फोन वाजतो तेवढा वेळ ही खोली घर असते. बाकीचे दिवस मी इथं राहते.

माझं मागणं एवढंच आहे. शालनला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिकडं हा अंक कुणाच्या हातात पडला आणि ती तुम्हाला भेटली, तर ओळखायची खूण सांगते. ती आधी जेवलात का विचारेल, आणि तिचं मराठी तमिळसारखं हेल काढून येतं. तिला हे मोठ्यानं वाचून दाखवा. भाषा सुधारू नका, मी बोलते तसंच वाचा. ती मधे म्हणेल, परवाइल्लै, पुरे. थांबू नका. शेवटची ओळ तिच्याकडं बघून वाचा.

शालन, पाकीट मी उघडलं होतं.